अंगठी का मटण?

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी ट्रॅक्टर शिरला, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. तरी आठवलं की अजून अंगावर काटा येतो आणि हसूही आवरत नाही!

ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. सासर शिरोळचं, ऊसवाले, घरात माणसंच माणसं. आणि ही तिची पहिली दिवाळी, म्हणजे दाजींचा दिवाळसण आमच्याकडे... मी तेव्हा नववीत होते आणि नुसती हवेत होते.

पप्पा उद्यमनगरात लेथवर कामाला. बोनस हातात पडला की आई तो स्वयंपाकघरातल्या डब्यांत वाटून टाकायची. किराणा, कपडे, फटाके आणि त्या वर्षी चौथा डबा, जावयाचा.

या डब्यातले पैसे त्या डब्यात जायचे नाहीत आणि कुणाकडून उसने आणायचे नाहीत, हा आईचा कायदा. त्यापायी लाडू लिंबाएवढे झाले, चिवड्यातले काजू गायब झाले, माझा ड्रेस ताग्यातल्या उरलेल्या तुकड्यात बसवला गेला. कारण सोनारांच्या गुजरीत दाजींसाठी एक अंगठी बघून ठेवली होती आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पप्पा ती आणणार होते.

सगळं अगदी बेतात बसलं होतं... पण पप्पांनी एसटीडी बूथवरून शिरोळला फोन केला होता. पप्पांचा आवाज असा की फोन नसता तरी शिरोळला ऐकू गेला असता. "समद्यांनी या की पावणं! एकबी माणूस मागं ठिवायचं न्हाय!"

आता आपण असं म्हणतोच की. म्हणायचं असतं! पण ताईच्या सासरी रीत वेगळी... असं आग्रहानं बोलावल्यावर कमी माणसं गेली तर तो बोलावणाऱ्याचा अपमान. त्यांनी पप्पांचा मान ठेवला.

पाडव्याला पप्पा पैसे घेऊन गुजरीला निघणार, तोच गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली. ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ट्रॉलीत सतरंज्या आणि सतरंज्यांवर अख्खं खानदान! सासू, सासरे, काका, काक्या, नणंद, चुलत दीर, पोरंटोरं आणि मधोमध पटका बांधलेले आजोबा. दाजी स्वतः चालवत होते आणि शेजारी ताई, चेहरा पांढराफटक.

मी आनंदानं उड्या मारत होते. गल्ली गोळा झाली, शेजारच्या चाचींनी न सांगता आपल्या घरातून पाण्याची कळशी आणि पेले आणले. तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा चिवडा चहाबरोबरच संपला.

मी रिकामं ताट ठेवायला आत गेले, तर ताई रडवेली होऊन आईपुढे उभी. "आई, अंगठी न्हाय दिलीस तर जन्मभर ऐकून घ्यायला लागंल मला." आणि बाहेर बसलेल्या एवढ्या पाहुण्यांना पाडव्याचं जेवण घालायचं, तर किराण्याचा डबा खडखडीत. पैसे होते ते फक्त अंगठीचे.

आईने आत आलेल्या पप्पांच्या खिशातून ते पैसे काढून घेतले, औक्षणाचं ताट उचललं आणि बाहेर आली.

दाजी पाटावर बसले होते, भोवती सगळं शिरोळ. आईने ओवाळलं आणि निरांजन खाली न ठेवताच बोलायला सुरुवात केली. मला वाटलं, आता ही रडणार...

"जावईबापू, खरं सांगते. तुमच्या अंगठीचं पैसं ठेवलंते बाजूला. पर एवढी माणसं आमच्या दारात आल्यात, त्यांस्नी पाडव्याला वरणभातावर घालवायचं मला जमायचं न्हाय. पैसं एकच हाईत. तुमीच सांगा, अंगठी का मटण?"

पप्पा छताकडे बघायला लागले, ताईने डोळे मिटून घेतले. दाजींच्या आईच्या तोंडाकडे बघायची तर माझी छातीच झाली नाही.

आणि मागून पटक्यातले आजोबा ओरडले... "मटाण!"

मग काय, सगळी ट्रॉलीच ओरडली. मटाण! मटाण! पोरं नाचायला लागली, आणि खरं सांगू का, सगळ्यात मोठा आवाज दाजींचा होता.

ताईच्या सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघरात. "खोबरं कुठं हाय? वाटाण मी घालते, तुमी चूल बघा." चाचींनी त्यांच्या घरचं भलंमोठं पातेलं दिलं, घरामागच्या परड्यात तीन दगडांची चूल मांडली आणि तांबड्या रश्श्याचा वास गल्लीभर सुटला. असा पाडवा आमच्या घरात त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही नाही!

संध्याकाळी ट्रॉली निघाली. येताना अंग चोरून बसलेली आमची ताई आता मागे ट्रॉलीत चढली होती आणि कडेच्या जागेसाठी नणंदेशी मोठमोठ्यानं भांडत होती, आणि सासूबाई दोघींना हसत होत्या. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत आई दारात उभी राहिली... आणि मग कुठे तिने सकाळपासूनचा पहिला घास खाल्ला.

ताईला अंगठीवरून कधीच कुणी बोललं नाही. आता दिवाळीत माझ्या घरी कुणाला काय द्यायचं याची ओढाताण सुरू झाली की मला कळतं, भरल्या दारात "माझ्याकडे एवढंच आहे" म्हणायला केवढी छाती लागते. आई, तू त्या दिवशी ताईचं सासर तिच्यासाठी घर करून दिलंस गं.