पानमळ्यातल्या वहाणा

मोतीराममामाच्या पानमळ्यात वहाणा घालून जायची कोणाची टाप नव्हती. सोनाळ्यातल्या आम्हा पानवेली लावणाऱ्या बारी लोकांच्या सगळ्याच मळ्यांचा तो दंडक; मळा आम्हाला देवळासारखा. पण मामाइतका कडक कोणी नव्हता. एकदा तहसिलीतले एक साहेब बुटांसकट आत शिरले, तर मामाने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि वर पाय धुवायला पाणीही दिलं.

मळा घरामागेच होता. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलांमुळे आत भरदुपारीही अंधार, खाली ओली माती. तिच्यात उमटलेलं पाऊल दोन दिवस पुसायचं नाही. वडील वारल्यापासून मी आणि माझी आई झुंबरबाई मामाकडेच राहत होतो.

बासष्ट साली वेल बांधताना मामा शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण पाय कायमचा फरफटत राहिला. ठणक्याने झोप येईना, म्हणून डॉक्टरने पंधरा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. तीच मळकी चिठ्ठी दाखवून मामा दोन वर्षं गोळ्या आणत राहिला आणि दुकानदार देत राहिला. त्या दुकानदाराचा मला अजून राग आहे. एकीने भागेना, मग दोन घ्यायला लागला, मग दुपारी जेवल्यावरही. त्याची जीभ जड झाली, बोलताबोलता डोळे मिटायला लागले. आम्ही म्हणायचो, दुखण्याने थकला बिचारा. डॉक्टरने दिलेलं औषध; त्याला व्यसन कोण म्हणणार?

चौसष्टच्या उन्हाळ्यात एका सकाळी मळ्यात वहाणांचे एकमेकांवर पडून विस्कटलेले ठसे दिसले. चार वेल बुडापासून कापलेले होते. पडवीत मामाच्याच वहाणा चिखलाने भरलेल्या सापडल्या. तीन दिवसांनी पुन्हा तेच, आणि मग दिवसाआड. कोनाड्यातला गोळ्यांचा डबाही मामाच्या हिशेबाआधीच रिकामा व्हायला लागला.

मामाने ठरवून टाकलं की हे आईचं काम.

"माह्या गोळ्या चोरते अन् माह्याच वहाणा घालून मळ्यात जाते. करनी करून राह्यली," तो म्हणाला. "सोमवारी बोचकं उचला दोघींनं."

माझ्या आईने जन्मात पायात वहाण घातली नव्हती! मी तोंड उघडलं, पण तिने माझा हात दाबला. आम्ही जाणार तरी कुठे होतो? सासरच्यांनी तिला कधीच दार बंद केलं होतं. मी भयंकर घाबरले होते, आणि तितकीच संतापले होते.

रविवारी दुपारी मामा गोळी घेऊन पडवीतल्या बाजेवर झोपला. आईने चुलीतली राख चाळली आणि बाजेपासून कोनाड्यापर्यंत, तिथून मळ्याच्या फाटकापर्यंत पातळ पसरली. आमच्याकडे कोणी वारलं, की त्या जागी अशी राख पसरतात आणि जीव कोणत्या जन्माला गेला ते तिच्यातल्या पावलांवरून पाहतात. सत्यभामामामी हादरलीच.

"जित्या मानसाच्या घरात राख काऊन टाकता, वन्सं?"

"जिता हाये का नाई, तेच पाहू," आई म्हणाली.

घटकाभराने मामा उठला. डोळे सताड उघडे होते. वहाणा घातल्या, विळा घेतला आणि आईसमोर येऊन उभा राहिला.

"झुंबर कुठी गेली?"

"हे काय, मी."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले नाई इचारलं," म्हणाला आणि तिच्या बाजूने निघून गेला.

तो वहाणांसकट मळ्यात शिरला. आतून वेल कापल्याचा आवाज येत राहिला, चर्र, मग शांत, मग पुन्हा चर्र. मामीने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी हाक मारायला निघाले, तर आईने अडवलं. मामा परत आला, डब्यातल्या दोन गोळ्या गिळल्या, वहाणा जागेवर ठेवल्या आणि झोपला.

दिवस कलताना जागा झाला आणि राख पाहून ओरडला, "कोन आलं होतं?"

"पाय ठेव," आई म्हणाली.

"कायले?"

"वहाण घाल अन् ठेव."

त्याने एका ठशावर पाय ठेवला. ठसा तंतोतंत जुळला. उजव्या पावलामागे फरफटल्याची लांब रेघ होती. मग दुसऱ्या ठशावर ठेवला, तिसऱ्यावर. असा ठशावर पाऊल ठेवत तो फाटकापर्यंत गेला आणि आत पडलेले वेल पाहून थांबला.

"मले काऊन आठवत नाई, झुंबर?"

मामा राखेतच बसला आणि हुंदके देऊन रडला. इतका राग असूनही मला त्याची दया आली.

त्याच संध्याकाळी त्याने डबा विहिरीत फेकला. आम्ही खूश झालो. व्यसनाला दुखणं समजलो तो पहिला मूर्खपणा, हा दुसरा. तिसऱ्या दिवशी मामाचे हात थरथरायला लागले. "मळ्यातून लोक येऊन राह्यले, बुटं घालून," असं तो कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगायचा, आणि मामीही त्या कोपऱ्यात जाईना. मग त्याला झटका आला, तोंडाला फेस आला. लोक म्हणाले, देवऋषी बोलवा. आईने गाडी जुंपायला लावली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "याला गोळीचं व्यसन लागलंय. भूतबीत काही नाही. पण एकदम तोडली तर माणूस दगावतो. थोडी थोडी कमी करायची, आम्ही सांगू तशी."

तीन आठवडे त्यांनी ठेवून घेतलं. घरी सोडताना पुढचे डोस लिहून दिले आणि म्हणाले, "गोळ्या घरच्या भरवशाच्या माणसाने ठेवायच्या. याच्या हाती नाही."

मामी पुढे झाली. मामा भिंतीकडे पाहत म्हणाला, "झुंबरपाशी द्या."

माफी म्हणून जी काय होती ती एवढीच.

रोज संध्याकाळी आई अडकित्त्याने गोळी कातरायची, आधी अर्धी, मग पाव, आणि मामा तिच्यापुढे हात पसरायचा. कधी शिव्या द्यायचा, कधी लहान पोरासारखा विनवायचा. ती कागदावर लिहिलेलीच द्यायची. दिवाळीनंतर शेवटचा तुकडा संपला. फाटकाशी राख मात्र ती रोज टाकतच होती, आणि तिच्यात एकही पाऊल नव्हतं.

"आता राख नको टाकू," एक दिवस मामा म्हणाला. "माह्यावर भरवसा नाई का?"

"तुह्यावर हाये," आई म्हणाली. "त्याच्यावर नाई."

मामाने चाळणी ओढली आणि स्वतःच राख चाळायला बसला.