गावघर

कुठलीही वस्तू हातात आली की तात्या आधी तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि विचारायचे, "ह्ये कुनाचं?" काय आहे, कशाला लागतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा माझा स्टोव्ह दुरुस्त करायला बसले तेव्हाही तेच.

"माझाच," मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचा असणार?"

"तसं न्हवं बाई. तुमच्याआदी कुनाचा?"

असं एखादं माणूस तुमच्याही शेजारात असेल. आमच्या लालबागच्या चाळीत ते समोरच्या कोपऱ्यातल्या खोलीत होतं. खोली त्यांच्या गावच्या मंडळाची. घाटमाथ्यावरच्या एकाच गावातले गिरणी कामगार तिथे पाळीपाळीने झोपायचे. तात्या गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर कामाला. मी परळच्या शाळेत शिकवायची, म्हणून साऱ्या खोलीची 'बाई'.

त्यांचं गाव धरणात जाणार होतं. सरकारी माणसं घरांच्या भिंतींवर आकडे घालून गेली होती. लोक उचलता येईल ते उचलायच्या तयारीत, बाकीचं तिथेच टाकायच्या. ते टाकणं तात्यांना बघवेना. सुट्टीवर गेले की एसटीच्या टपावर काहीतरी बांधून आणायचे. जातं आलं, पाळणा आला, नांगर आला, वरवंट्यांची रास आली. लावणीच्या वेळी पावसात पाठीवर घ्यायची, पानांची इरली आली. धान्य साठवायची माणसाएवढी कणगी आली, तेव्हा मात्र खोलीत बंड झालं. शेवटी एक किडकिडीत बदली कामगार कणगीतच बसून झोपायला लागला आणि भांडण मिटलं.

वस्तूंवर डकवायच्या चिठ्ठ्या मी लिहायची. 'जातं. पारूआत्याचं.'

"बाई, पारूआत्या दोन हायेत. वरच्या आळीतली लिवा."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्चा निघाला की तात्या घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. एका दुपारी दगडफेकीच्या संशयावरून पोलीस खोली तपासायला आले. वरवंटे बघून हवालदाराचे डोळे चमकले.

"एवढे दगड कशाला जमवलेत?"

तात्यांनी हात जोडले. "सायेब, ह्यो पाटलाच्या सुनंचा. ह्यो गुरवाच्या म्हातारीचा. ह्यो—"

हवालदाराने दोन वरवंटे पुरावा म्हणून नेलेच. पुढे कितीतरी दिवस कामावरून सुटले की तात्या चौकीवर जाऊन उभे राहायचे. "म्हातारीला काय सांगू?" एवढंच म्हणायचे. वरवंटे काही परत मिळाले नाहीत.

मग गावाला लांबच्या एका माळावर जागा मिळाली. पत्र्याच्या शेडी, ओळीने. त्या ओळीत एक घर साऱ्या गावाचं असावं, असा तात्यांनी बैठकीत हट्ट धरला. "पोरं उद्या इच्यारतील, गाव कसलं होतं? कुठं दावायचं त्यास्नी?" लोकांना पटलं. त्यांनी स्वतःच दगड रचले, वर पत्रे घातले. झाडलोट करायची आणि किल्ली सांभाळायची पाळी दर घराला लावली. नाव ठेवलं गावघर. लालबागचं सामान ट्रकमध्ये चढलं त्या दिवशी तात्यांनी खाडा केला आणि साऱ्या चाळीला चहा पाजला.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घेऊन गेले. "चिठ्ठ्या तुमच्या. बघाया नको?"

माळावर झाड नव्हतं. वारा सुटला की सगळ्या शेडींचे पत्रे एकदम वाजायचे. किल्लीची पाळी तात्यांच्या वहिनींकडे होती, थोरल्या भावाच्या विधवेकडे. तात्यांनी हात पुढे केला. त्या खाली बघत म्हणाल्या, "उगडंच हाय, भावजी."

आत भिंतीवर इरली टांगलेली होती. कोपऱ्यात थोडे वरवंटे, दोन-चार मडकी. बाकी जमीन मोकळी.

"चोरी झाली?" तात्यांनी विचारलं.

"चोरी कसली? ज्याला जे लागलं त्यानं त्ये नेलं."

"वहिनी, गावाचं होतं त्ये!"

"गाव काय खातंय ते इच्यारलंत का? चक्की तीन कोसावर. जमीन अजून मोजून दिली न्हाई. जातं म्याच नेलं. पोरांस्नी काय चिठ्ठ्या शिजवून घालू?"

तात्या तरातरा निघाले. मी मागोमाग. पहिल्या शेडीबाहेर नांगर पडला होता. खडकाला लागून त्याचे दोन तुकडे झाले होते. पुढच्या शेडीत कणगी चुलीत गेली होती. तिथे तात्या ओरडले, वाटेल ते बोलले. घरधन्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जळान न्हाई, तात्या. आन् साठवू काय तिच्यात?"

शेवटच्या शेडीत पाळणा होता. त्यात मूल होतं. त्याची आई आम्हाला बघून पुढे आली आणि तिने पाळण्याची दोरी घट्ट धरली. "न्यायला आलाय?"

तात्यांनी पाळण्याच्या लाकडावर हात ठेवला. माझं अक्षर अजून तिथे चिकटलेलं होतं. मूल किरकिरायला लागलं.

"न्हाई," तात्या म्हणाले. "हलीव. रडतंय त्ये."

तसेच ते गावघरात परतले आणि उरलेलं सामान स्वतःच उचलून बाहेर मांडायला लागले. लोक जमले. "लागंल त्ये न्या," तात्या म्हणाले, तेव्हा एकेकजण पुढे झाला. मडकी गेली, वरवंटे गेले. इरली कुणी मागितली नाहीत. त्या माळावर ना भात होतं, ना तसा पाऊस.

आम्ही निघायच्या आधी एक बाई लेकरं घेऊन दाराशी आली. तिच्या शेडीचे पत्रे उडाले होते. "इथं ऱ्हावू का?" तिने भीतभीत विचारलं. तात्यांनी केरसुणी घेतली आणि तिच्यासाठी जमीन झाडून दिली.

एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. एकदाच म्हणाले, "बाई, माझ्याकडं आता दावायला काय न्हाई."

त्यानंतर लालबागला राहूनही ते तिथे नसल्यासारखेच होते. खोकला वाढला, खाडे वाढले. वर्षभराने महाराष्ट्र झाला. चाळीचाळींतून दिवे लागले, लेझीम निघाली, माणसं रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. तात्या धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"आज कुठे निघालात? ज्यासाठी घसा फोडलात ते आज झालं."

"झालं, बाई. लई ब्येस झालं." ते खरंच आनंदाने म्हणाले. मग हळूच, "यंदा धरनाची दारं लावत्यात. गावात कुनी उरलं न्हाई. जातो."

"जाऊन काय करणार तिथे, तात्या?"

पिशवी खांद्याला लावून ते रस्त्यावर उतरले. मिरवणुकीतल्या कुणीतरी त्यांच्या हातात पेढा ठेवला, टोपीवर गुलाल टाकला. त्या गर्दीतून उलट्या दिशेने वाट काढत ते नाक्याकडे गेले.

गणपतीच्या सुमारास मंडळातला एकजण सुट्टीवरून आला. त्याच्याकडून कळलं. रिकाम्या गावात तात्या पाऊस लागेपर्यंत एकटे राहिले. पाणी शिरलं तसे डोंगराकडे सरकत गेले. शेवटी गावातल्याच चौघांनी जाऊन त्यांना उचलून माळावर आणलं. कापसाने छाती आधीच पोखरलेली, त्यात तो पाऊस अंगावर घेतलेला. वहिनींच्या शेडीत ते पडून असायचे आणि रोज विचारायचे, "पानी कुठवर आलं?"

तोवर देवळाचा कळसही पाण्याखाली गेला होता. वहिनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "येशीपाशीच हाय, भावजी. आत न्हाई आलं."

गेले त्या सकाळीही त्यांनी विचारलं होतं. वहिनींनी तेच सांगितलं.