रूट कॅनालला इतिहास, सफाईला गाणं

मगदूम डॉक्टर पेशंटला प्रश्न विचारायचे ते नेमके त्याच्या तोंडात त्यांची दोन बोटं, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असताना. “बाई, ते किल्ल्यांचं च्यानेल बघितलासा काय?” आपण “आँ” म्हणायचं. “आवडलं न्हवं? मला वाटलंच!” असं म्हणून ते पुढच्या दाताकडे वळायचे. राजारामपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं जात राहिले, पण माझं खरं मत सांगायची संधी खुर्चीतून उतरल्यावरच मिळायची. तोवर पुढचा पेशंट आत येऊन बसलेला असायचा.

माणूस उंचापुरा, रुंद खांद्यांचा. पंजा एवढा मोठा, की तो आपल्या तोंडात मावेल यावर पहिल्या भेटीत माझा विश्वासच बसला नव्हता. मावला. वर दुखलंही नाही. त्याचं श्रेय ते स्वतःच्या हाताला कधीच द्यायचे नाहीत, छताला द्यायचे. खुर्चीच्या बरोबर वर त्यांनी एक टीव्ही आडवा टांगून घेतला होता आणि त्यावर ऑनलाइन चॅनेलं लावून ठेवलेली असायची. कुठल्या कामाला काय लावायचं याचे त्यांचे नियम ठरलेले होते. रूट कॅनालला इतिहास, सफाईला गाणं, दात काढायचा असेल तर समुद्रातले मासे. “रूट कॅनालला टाइम लागतोय बाई,” ते समजावून सांगायचे. “वर लढाई चालू असली की खालचं मशीन लढाईतच वाजतंय असं वाटतंय.” विनोदी चॅनेलांना मात्र आत सक्त मनाई. एकदा एका पेशंटला हसू आवरलं नाही आणि त्यानं डॉक्टरांचं बोट कडकडून चावलं. तेव्हापासून विनोद बाहेरच्या बाकड्यांपुरता राहिला. तिथे गाल सुजलेली माणसं हसायची, कळवळायची आणि पुन्हा हसायची.

घरी जातानाही सुटका नव्हती. औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्या लिहून झाल्या की खाली चॅनेलचं नाव. तेही त्याच अक्षरात, म्हणजे डॉक्टरी. मी शिकवते त्या शाळेतले एक सर अशी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं गोळ्या दिल्या, शेवटची ओळ लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, “हे आता संपलंय. सोमवारी येईल. तोवर दुसऱ्या कंपनीचं देऊ काय?” सर बिचारे सोमवारी परत गेले. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. उलट चिंतेत पडून म्हणाले, “म्हंजे तीन दिवस त्यांनी च्यानेल बघितलंच न्हाई?”

चॅनेल सुचवणं हे त्यांना हसण्यावारी न्यायचं काम वाटतच नव्हतं. “सोयरीक जुळवण्यासारखं हाय ते,” ते म्हणायचे. “नुसतं पोरगं चांगलं असून भागत न्हाई. हिकडचं घराणं बघाय पायजे, सवभाव बघाय पायजे. चुकलं तर माणूस जन्मभर आपलं नाव घेतंय.” मी शाळेत भूगोल शिकवते. म्हणून माझ्यासाठी ते नद्या-डोंगरांचं काहीतरी काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सीमाभागातल्या दोन भावांचं चॅनेल सुचवलं. एक भाऊ मराठीत भांडतो, दुसरा कानडीत उत्तर देतो, आणि मधे त्यांची म्हैस. मी मनातून दुखावले. बाईमाणूस, शिक्षिका, तोंडावर रोज बारा वाजलेले, आणि हे काय? पुढच्या रविवारी भाजी निवडता निवडता लावलं आणि पोट धरून हसले. तेव्हा लक्षात आलं की डॉक्टरांनी माझा विषय पाहिलाच नव्हता. त्यांनी माझं तोंड पाहिलं होतं.

एका तापट बिल्डरला त्यांनी नाट्यपदं गाणाऱ्या एका गृहिणीचं चॅनेल दिलं होतं. ती बाई मेथी निवडत गायची. बिल्डर म्हणे साइटवरच्या केबिनमध्ये दार लावून ऐकायचा आणि बाहेर येऊन हळू आवाजात ओरडायचा. जुन्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्या दाखवत फिरणाऱ्या एका जोडप्याचं चॅनेल त्यांनी घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या एका नवराबायकोला सुचवलं. ते दोघं आता दर सुट्टीला विहिरी बघत हिंडतात. एकमेकांशी अजूनही बोलत नाहीत, पण पाण्याबद्दल बोलतात. डॉक्टरांच्या मते हा निम्मा गुण होता आणि निम्मा गुण त्यांना चालायचा.

हे सगळं मी गमतीनं सांगतेय, कारण मलाही बरेच दिवस ती गंमतच वाटत होती. मग अण्णांची वेळ आली.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावी, गडमुडशिंगीला, देवळातल्या भजनात ते पुढे उभे राहून गायचे. आवाज काही थोर नव्हता, पण शब्द असे की शेवटच्या ओळीतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही अर्थ पोचावा. आई गेली आणि मी त्यांना माझ्याकडे राजारामपुरीत आणलं. त्यांनी गाणं सोडलं, मग हळूहळू बोलणंही सोडलं. उरलेसुरले दातही त्याच वर्षी गेले. मगदूम डॉक्टरांनी वरची-खालची कवळी करून दिली, इतकी छान की अण्णा दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. त्यांनी आरशात पाहिलं, कवळी काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, “कुणासाठी घालू?” त्यानंतर दुधात कुस्करलेली भाकरी आणि दिवसभर गॅलरी. जेवता का याला मान हलवायची, झोपता का याला हात हलवायचा. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत गप्प होत होत संपत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

मी डॉक्टरांपुढे रडले. खुर्चीत नव्हे, बाहेर, सगळ्यांसमोर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अण्णास्नी राग येतोय न्हवं अजून?”

“पूर्वी फार यायचा. चुकीचं म्हटलेलं तर खपायचंच नाही.”

“मग झालं की,” म्हणत त्यांनी माझ्या फोनवर एक चॅनेल लावून दिलं. “संध्याकाळचा फोन त्यांच्या कानाजवळ लावायचा. बंद करा म्हणलं तरी बंद करायचा न्हाई.”

चॅनेल मुरगूडच्या एका म्हाताऱ्याचं होतं. हिंदूराव त्यांचं नाव. सून फोन धरायची आणि हे ओसरीवर बसून अभंग म्हणायचे. आवाज खणखणीत, सूर सच्चा, पण तोंडात दात नावाला नाही. त्यामुळे निम्मी अक्षरं हवेत विरायची आणि उरलेली एकमेकांना चिकटायची. पाहणारी माणसं मोजकी, बहुधा त्यांचीच भावकी. असलं चॅनेल कुणाला कशाला सुचवायचं, मला कळेना. तरी लावलं.

पहिल्या संध्याकाळी अण्णांनी मान वळवली. दुसऱ्या संध्याकाळी कपाळाला आठी पडली. तिसऱ्या संध्याकाळी ते कडाडले, “त्येला सांग की कुणीतरी! शबुद खातंय ते! सगळ्या अभंगाचं वाटोळं लावलंय!” कित्येक महिन्यांत मी त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

खाली मत लिहायची सोय आहे, मी लिहून पाठवते, असं मी म्हटलं. अण्णांना ते मुळीच पटलं नाही. “एवढ्या मोठ्या माणसाची चूक चारचौघांत लिहून काढायची? घरला जाऊन सांगाय पायजे.” आम्हा लोकांना फोनवरून पसंती देणं जमत नाही, तसं फोनवरून भांडणंही जमत नाही. समोर बसून, चहा पिऊनच काय ते. डॉक्टरांना कळवलं, तर ते म्हणाले, “जावा की. फक्त कवळीची डबी तेवढी पिशवीत असू द्या.”

रविवारी मी गाडी काढली. अण्णांनी वाटेत थांबवून केळी घ्यायला लावली. भांडायला निघालो तरी रिकाम्या हाती कसं जायचं, आणि दात नसलेल्या माणसाला दुसरं काय न्यायचं? मुरगूडला दारातच सुनेनं “या पावणं, या की!” म्हणून स्वागत केलं. हिंदूराव चॅनेलवर होते तसेच ओसरीवर बसलेले होते. अण्णांनी केळी पुढे केली आणि लगेच मुद्द्याला हात घातला. “रागावू नगासा. आवाज सोन्यासारखा हाय तुमचा. पर तुमी शबुद खातासा.”

“व्हय की,” हिंदूराव म्हणाले. “भाकरी चावत न्हाई, मग दुसरं काय खाऊ?”

“कवळी करून घ्या.”

“हाय की कवळी. कपाटात हाय. टोचतीया. कसं म्हणायचं ते तुमी दावा आधी.”

अण्णा ताठ बसले, घसा खाकरला आणि अभंग म्हटला. म्हणजे, म्हणायला गेले. त्यांच्याही तोंडातून अक्षरं ओघळली, अगदी तशीच. आत सून फिसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. हिंदूराव गालात हसत म्हणाले, “पावणं, तुमचंबी दात घरीच ऱ्हायलं जणू!”

अण्णांचा चेहरा लाल झाला. आता उठून निघणार, असं मला वाटलं. हे फिसकटलं असतं तर ते पुन्हा तोंड उघडणार नव्हते, याची मला खात्री होती. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी डबी दिली. भिंतीकडे तोंड करून त्यांनी कवळी बसवली आणि वळून पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ खडखडली, दुसरीत ठेच लागली. तिसऱ्या ओळीला मी माझ्या लहानपणीचे अण्णा ऐकले. प्रत्येक अक्षर वेगळं आणि स्वच्छ. मी पदरानं डोळे पुसत बसले आणि लाजले नाही. हिंदूराव उठले, कपाटातून स्वतःची कवळी घेऊन आले आणि दुसऱ्या कडव्याला सामील झाले. सुनेनं फोन सुरू केला तो चहा निवेपर्यंत बंद केलाच नाही.

चहा पिताना कळलं, ती कवळीही मगदूम डॉक्टरांनीच केलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तडक दवाखाना गाठला. “तुम्ही आम्हाला मुद्दाम पाठवलंत!”

“मग काय तर!” डॉक्टर अजिबात ओशाळले नाहीत. “आवडणारं च्यानेल कुणीबी सांगंल बाई. अण्णास्नी राग यायला पायजे हुता. रागावलेला माणूस तोंड उघडतोय, आन् माझा सगळा धंदा माणसानं तोंड उघडण्यावर हाय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “हिंदूरावला मी लई सांगून बघितलं हुतं. माझं ऐकंना. एका खेपेत दोन कवळ्या बसल्या.”

त्यानंतर अण्णा महिन्यातून एकदा मुरगूडला जायला लागले. चॅनेलवर आता दोघं दिसतात, मधूनमधून वादही घालतात, आणि पाहणाऱ्यांत भावकीबाहेरची माणसंही आहेत. त्यातली बरीचशी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आलेली.

या उन्हाळ्यात मगदूम डॉक्टर गेले. सकाळी दवाखाना उघडायला निघाले आणि जिन्यातच बसले ते उठले नाहीत. शेजारच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं. अण्णांना कसं सांगावं, या विचारात मी गॅलरीच्या दारात थोडी थांबले. मग सांगितलं. मला भीती एकच होती, की हा माणूस आता पुन्हा गप्प होणार. ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

“माझी कवळी आन,” ते म्हणाले.

मला समजलं नाही. “अण्णा, जेवायला अजून वेळ आहे.”

“जेवाय न्हवं,” अण्णा म्हणाले. “रडाय काय, दात नसलं तरी चालतंय. डॉक्टरापुढं अभंग म्हणायचा हाय मला. आन की लौकर.”