माझ्या नंबराची पिन

मी मुळात भित्री. गॅस बंद केला की नाही, हे पाहायला बसस्टॉपवरून घरी परत येणारी. बाबा म्हणायचे, अशी संशयी माणसंच तपासणीच्या कामाला हवीत. त्यांची स्वतःची सारी नोकरी कारखान्यात कामगार म्हणून गेली होती. मी लष्करी सामानाची तपासनीस झाले आणि मला माझ्या नंबराचा पोलादी ठप्पा मिळाला, तेव्हा त्यांनी आपला जुना जेवणाचा डबा पुढे केला आणि झाकणावर पहिला ठप्पा मारायला लावला. पुढे त्या डब्यात आम्ही गूळ ठेवायला लागलो. येईल त्या पाहुण्याला आधी ते झाकण दाखवलं जायचं, मग चहा. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

त्या वर्षी लष्कराला पूल टाकणारे नवे रणगाडे घ्यायचे होते. या गाडीच्या पाठीवर घडीचा पूल असतो. नाला आडवा आला की तो उलगडून पलीकडे टेकवायचा आणि बाकीचे रणगाडे त्यावरून न्यायचे. पुलाचे दोन भाग जोडणाऱ्या जाड पिना आमच्या शहराच्या गोहलपूर भागातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये बनत होत्या. चाचणी तोंडावर आली होती, ती पार पडली तरच खरेदी होणार होती, आणि पिना पास करायला मला पाठवलं.

रीत अशी की ट्रेमधल्या चार-पाच पिना मशीनवर लावून पोलाद पुरेसं कडक झालंय का ते पाहायचं, मग सगळ्यांवर ठप्पा मारायचा. कडक पिनेवर नंबर जेमतेम उमटतो आणि हातोडी उसळून परत येते. मी रीतीनंच केलं. बाहेर टेम्पो उभा होता. मालक दोनदा फार अदबीनं म्हणाला, मॅडम, गाडी खडी है. मी एकामागून एक ठोकत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिरीसाठी गूळ फोडायला घेतला. गूळ ओलसर होता, बत्ता आत रुतला, आणि माझा हात थांबला. कालच्या पिनांतली एक अशीच लागली होती. एकाच घावात नंबर खोल गेला होता, हातोडी उसळली नव्हती. कडक व्हायला भट्टीत न गेलेली एक पिन ट्रेमध्ये मिसळली असणार. पिना एव्हाना पुलाला बसल्या होत्या आणि सकाळी त्यावरून रणगाडा जायचा होता.

बाबांना सांगितलं आणि लगेच स्वतःचीच वकिली सुरू केली. घाव जोरात बसला असेल. माझा नेहमीचा संशय असेल. नोकरी पक्की व्हायला दोनच महिने होते, सेक्शनमध्ये बाई मी एकटी, आणि हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बाबांनी डब्याला झाकण लावलं.

"गॅस पाहाले त तू बसस्टॉपवरून वापस येतेस," ते म्हणाले. "मग आता काहून बसून राहिली?"

सकाळी मैदानावर पोचले तेव्हा नाल्याच्या काठावर पूल टाकून झाला होता. त्यावरून रणगाडा नेणारा हवालदार हेल्मेटचा पट्टा बांधत होता. मी आमच्या सेक्शनच्या साहेबांना गाठून सगळं सांगितलं. चाचणी थांबली. पूल उचलून पिना काढता काढता दुपार झाली, माझा जीव टांगणीला. खरं सांगते, ती पिन सापडूच नये असं मला वाटत होतं. खोटी ठरले असते तर हसण्यावारी तरी गेलं असतं. एकेका पिनेवर कानस घासत होते आणि ती नुसती घसरत होती. मग एका पिनेवर कानस लागली आणि पोलादाचा भुगा पडला. तिच्यावरचा माझा नंबर लांबूनही वाचता येत होता.

हवालदारानं ती पिन उचलली आणि नंबरावरून अंगठा फिरवला. साहेबांनी विचारलं, कसं कळलं? मी म्हणाले, ठप्पा मारताना हाताला कळलं होतं.

"तो उसी वक्त क्यों नहीं रुकीं?" साहेब म्हणाले.

उत्तर मला ठाऊक होतं. बाहेर टेम्पो उभा होता आणि बाई कामात हळू आहे असं कुणी म्हणायला नको होतं. पण तो हवालदार अजून ती पिन हातात घेऊन उभा होता, आणि त्याच्यासमोर मला ते सांगता आलं नाही.