शनिवारी अडणारा डबा

शनिवारी पहाटे पावणेपाचला यशोधराचा दिवस सुरू झाला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये नळाला पाणी तेव्हाच येतं. तिने दोन पिंपं भरली, चहा ठेवला. आई तोवर मशीनवर बसलीसुद्धा होती. जीन्सचे खिसे शिवायचे, मशीन पायाने चालवायची. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"आज होईल ना तुझं?" आईने विचारलं.

"झालंच पाहिजे. नाहीतर उद्यापासून मीही खिसेच शिवते."

"कशावर? मशीन माझी आहे."

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात यशोधरा कंत्राटी टेक्निशियन होती. काट्यावर ड्रम चढला की त्याचं वजन ऑफिसात पाठवायचं काम तळहाताएवढा एक संगणक करी. तो पत्र्याच्या डब्यात बसवलेला, म्हणून सगळे त्याला डबाच म्हणत. महिन्यापूर्वी कंपनीने नवं वायफाय आणलं आणि डबा दर शनिवारी अडू लागला. तीन शनिवार तिने ऑफिसातून लांब केबल ओढून तो जोडला. एकदा लागला की केबल काढली तरी आठवडाभर चाले. शनिवार आला की पुन्हा तेच.

"आज केबल नाही," सुपरवायझर चिंतामणी साहेब म्हणाले. "अकराला गिऱ्हाइकाची माणसं येतायत. फ्लोअरवर वायर दिसली तर मला बोलणी बसतील. आणि डबा चालला नाही तर तुझं कंत्राट मी पुढे पाठवत नाही. पासवर्ड नीट टाकत जा, मॅडम."

पासवर्ड ती नीटच टाकत होती. नव्या वायफायला नुसता पासवर्ड पुरत नसे. सर्व्हर आपला दाखला दाखवी, डबा तो तपासून बघे, मगच पासवर्ड पुढे करी. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर डब्याच्या नोंदींची ओळीमागून ओळ येत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच : ओळख पटली नाही.

नऊ वाजता तिने हेड ऑफिसला फोन लावला.

"दाखला तपासायचं बंद करून टाक," तिकडचा माणूस म्हणाला. "दोन मिनिटांत जोडेल."

"मग कोणीही आपल्या कंपनीच्याच नावाचं वायफाय लावून पासवर्ड उचलेल."

"अंबरनाथला कोण येतंय उचलायला? तुला नोकरी टिकवायची आहे ना?"

तिचं बोट कीबोर्डवर थांबलं. सेटिंगमधली एक ओळ खोडली की सुटका होती. तिने फोन ठेवला. ओळ खोडली नाही.

दहा वाजून गेले. तिने चार वेळा पासवर्ड टाकला, दोनदा दाखला नव्याने चढवला. पाठ घामाने भिजली होती. कमळाकरकाका शिडी घेऊन बाजूने गेले. ते कारखान्याचे जुने इलेक्ट्रिशियन.

"काका, शनिवारीच का मरतो हा?"

"शुक्रवारी सुट्टी ना. गुरुवारी संध्याकाळी मेन स्विच मीच पाडतो, पंचवीस वर्षं झाली. वीज नाही म्हटल्यावर गेटवरचं हजेरीचं घड्याळही थांबतं. शनिवारी आल्या आल्या पहिलं ते लावतो. नाहीतर सगळे गुरुवारीच कामावर आले असं छापेल ते."

यशोधराने पडद्याकडे पाहिलं. महिनाभर ती ओळींचे शेवट वाचत होती. सुरुवात वाचलीच नव्हती. प्रत्येक ओळ तारखेने सुरू होत होती : १ जानेवारी १९७०.

डब्यात घड्याळ चालत ठेवणारी बॅटरी नव्हती. वीज गेली की तो वेळ विसरे आणि १९७०पासून मोजायला लागे. त्याच्या हिशेबी सर्व्हरचा दाखला अजून निघालेलाच नव्हता, मग तो मानील कसा? खरी वेळ त्याला नेटवर्ककडून मिळायची आणि नेटवर्कमध्ये शिरायला खरी वेळ लागायची. केबलला दाखला लागत नसे, तिच्यातून त्याला वेळ मिळायची, म्हणून दोष झाकला गेला.

तिने तारीख आणि वेळ हाताने भरली. दहा पन्नास. डबा जोडला गेला. काट्यावर पहिला ड्रम चढला आणि वजन ऑफिसात पोचलं.

"लागला ना पासवर्ड नीट?" चिंतामणी साहेब म्हणाले.

"पासवर्ड नीटच होता, साहेब. घड्याळ नव्हतं. पुढच्या शनिवारी मी हात न लावता चालेल."

"आणि नाही चालला तर?"

"तर मी जाईन."

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने उल्हासनगरच्या बाजारात फिरून बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारं घड्याळाचं छोटं सर्किट शोधलं. शनिवारी पहिल्या पाळीआधी येऊन ते बसवलं, वेळ लावली. मग काकांना म्हणाली, "आता मेन पाडा." काकांनी साहेबांदेखत मेन पाडला, अर्धा तास तसाच ठेवला, मग चढवला. यशोधरा हात मागे बांधून उभी होती. डबा आपणहून जोडला गेला. साहेबांनी तिचं कंत्राट वर्षासाठी पुढे पाठवलं.

तीन महिन्यांच्या पगारातून तिने आईच्या मशीनला मोटर बसवली. पहिल्या दिवशी मोटर घरघरत होती, खिसे भराभर शिवून पडत होते आणि खाली आईचा पाय सवयीने हलतच होता.