काजूची बाग आणि फ्रेंच भाषेतलं काम

"बसान रवला की माणूस गंजता गो," असं सासूबाई मी नवी नवरी असताना मला म्हणाल्या होत्या.

मंडळी, आज त्याच सासूबाई काजूच्या बागेत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली, पण त्या ऐकेनात.

मग कॉलेजात फ्रेंच शिकणारी माझी लेक सरसावली. "आजी, फ्रेंचमध्ये काम करण्याला 'त्राव्हाये' म्हणतात. शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ, तीन खुंटांना बांधून छळणं!"

सासूबाईंनी खाली पडलेली काजूची बोंडं टोचून उचलायची खिळ्याची काठी उचलली. "तीन खुंट कित्याक? माका ही एक पुरे."

सासूबाई, नातीच्या फोनवर हे वाचालच. उद्या बोंडं मी वेचते. तुम्ही सावलीत बसून फक्त माझ्या चुका काढा. बसाल?