चूक माझीच निघावी

महेश्वर चिलकाला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या: भोक पाडणं आणि गप्प बसणं. पहिलीवर घर चाललं, दुसरीवर संसार. हे मी नाही म्हणत, त्याची बायको हेमावतीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि आधी स्वतःच हसायची.

सोलापुरी चादरीवर मोर उठतो, तो काय आपोआप उठतो होय? मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरायची. जिथं भोक, तिथं धागा वर. भोक नाही, तिथं धागा खाली. ती भोकं पाडणारा हा महेश्वर. एक भोक चुकलं की मोराचा डोळा फुटलाच, आणि तो एका चादरीत नाही, त्या पट्ट्यांवर विणलेल्या एकूणएक चादरीत. तीस वर्षांत महेश्वरच्या हातून एकाही मोराचा डोळा फुटला नाही. पुढं कॉम्प्युटर आला, पट्ट्या रद्दीत गेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी एवढा हाताचा पक्का माणूस हातावर हात धरून घरी बसला.

नवं काम मिळालं ते हेमावतीच्या दुखण्यामुळं. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. दवाखान्यात ती आत सलाईनवर आणि हा बाहेर बाकावर, असे कितीतरी दिवस गेले. बाकासमोर काचेपलीकडं प्रयोगशाळा होती आणि तिथं राजनंदिनी मॅडम, माढ्याकडची शिकून संशोधक झालेली पोरगी, आगपेटीएवढ्या पारदर्शक रबरी वडीत पोकळ सुईनं भोक पाडत होती. एक वडी वाया, दुसरी वाया, तिसरी वाया. चौथीला महेश्वरला राहवेना. तो सरळ आत गेला.

"मॅडम, हात तिरका पडायलाय तुमचा. द्या की हिकडं."

त्या वडीला चिप म्हणतात. तिच्या पोटात केसाहून बारीक वाट असते. भोकातून रक्तातल्या पेशी सोडायच्या, की त्या एकीमागं एक रांगेनं निघतात. वाटेत लेसरचा उजेड. पेशींत आधी फक्त बिघडलेल्यांनाच धरणारा रंग मिसळलेला असतो, त्यामुळं तशी पेशी त्या उजेडात चमकते आणि यंत्र तिला टिपतं. पण भोक खडबडीत पडलं तर वडीचा चुरा वाटेत उतरतो आणि मेला तोही चमकतो. यंत्राला चुरा काय अन् पेशी काय, सारखंच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून भोकं महेश्वरकडं आली.

"मामा, तुमच्या चिपमध्ये चुरा सापडला ना, तर मी हे सगळं सोडून माढ्याला ऊस खुरपायला जाईन," मॅडम म्हणायच्या. महेश्वर नुसता मान खाली घालून हसायचा. आतून मात्र फुगायचा.

हेमावतीचे उपचार आठ महिन्यांनी संपले. डोक्यावर केस आले, तोंडाला चव आली. नेहमीचा रिपोर्ट स्वच्छ निघाला, त्या दिवशी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "आता पुन्हा ती सुई न्हाई अन् ती औषधं न्हाईत. परत आलं तर मला घरात मरू द्या. शब्द द्या." महेश्वरनं मान हलवली. बायकोला बरं वाटावं म्हणून हलवली. परत येणारच नाही, अशी त्याची खात्री होती.

मॅडमचं यंत्र मात्र नेहमीच्या तपासणीहून बारीक बघायचं. औषधातून वाचलेली एखादी पेशीसुद्धा त्याला सापडायची. एका मंगळवारी हेमावतीच्या रक्ताची नळी महेश्वरनं स्वतःच नेऊन दिली. चिपही त्याचीच, सकाळी पाडलेली. पडद्यावर करडे ठिपके सरकत राहिले. हजार झाले, पन्नास हजार झाले. महेश्वर मनात मोजत उभा होता.

आणि एक ठिपका चमकला.

मॅडमनी आकडा पुन्हा एकदा तपासला. मग हळूच म्हणाल्या, "मामा, लाखात एक आहे."

लाखात एक! ज्यानं जन्मभर लाखात एक भोक चुकू दिलं नाही, त्याला का लाखात एकाचा अर्थ सांगायचा? आणि तो गप्प माणूस बोलायला लागला.

"चूक माझी हाय, मॅडम. चुरा असंल त्यो. सकाळी हात थरथरला माझा. खरंच थरथरला. भोक बघा तुम्ही, वाकडं असंल."

हात थरथरला नव्हता. साफ खोटं होतं ते. मॅडमनी चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि हा त्यांच्या मागं हात जोडून उभा राहिला. देवा मार्कंडेया, आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही. एवढं एक भोक वाकडं निघू दे. माझं नाव जाऊ दे, काम जाऊ दे, चूक माझीच निघू दे.

मॅडमनी बराच वेळ मान वर केली नाही. केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"कड एकदम गुळगुळीत आहे, मामा. चुरा कुठंच नाही."

उरलेलं रक्त त्यांनी दुसऱ्या चिपवर सोडलं. तीही महेश्वरचीच. तिथंही एक चमकली. उद्या हेमावतीला घेऊन या, मोठ्या डॉक्टरांशी बोलून पुन्हा उपचार सुरू करावे लागतील, असं मॅडम म्हणाल्या. त्याला ते अर्धंच ऐकू आलं.

उन्हं कलायच्या आत तो घरी पोचला. हेमावती दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती.

"एमन्नरू?" तिनं घरच्या तेलुगूत विचारलं. काय म्हणाल्या?

"भोक नीट पडलंय म्हणाल्या."

"ते तुमचं नेहमीचंच की!" ती हसली. विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिनं वर पाहिलं. "माझं काय म्हणाल्या?"

गप्प बसणं महेश्वरला जमायचं. त्या दिवशीही जमलं. पण चौतीस वर्षं ते गप्प बसणं हेमावतीनंच तर वाचलं होतं. तिनं हातातली विडी, दोऱ्याची गाठ न मारताच, सुपात ठेवली.

"तुम्ही शब्द दिलाय," ती म्हणाली.